बाळाकडे पाठ करून बसणारी फुलाबाई

माजरीच्या कोळसा खाणीच्या आमच्या कॉलनीत कुणाकडे बाळ झालं की बायका पाळण्याभोवती गोळा व्हायच्या. नाक बापाचं, कान आजीचे, रंगाचं अजून ठरायचं आहे, अशी सगळी वाटणी व्हायची. फुलाबाई पाळण्याकडे वळायचीसुद्धा नाही. ती तडक खाटेपाशी जायची, बाळाकडे पाठ करून बाळंतिणीसमोर मांडी ठोकून बसायची आणि विचारायची, "तू काय म्हनते? जेवली का?"

एकदा कुणीतरी तिला टोकलं, "फुलाबाई, लेकराले तरी पाहा न जरा."

"त्याले पाहाले सारी माजरी आली हाय," ती म्हणाली. "मायले पाहाले कोन आलं ते सांगा."

तिचं पूर्ण नाव पंचफुला. नवरा डोमाजी काटाघरात, कोळशाच्या वजनकाट्यावर, कायमच्या पहिल्या पाळीला. उंच, रुंद खांद्याची, केसांना भरपूर खोबरेल चोपडलेली ही बाई नळावरून हाक मारायची तेव्हा पलीकडच्या लाईनीतल्या बकऱ्या माना वर करायच्या. हातात सोनं म्हणून काही नव्हतं, आणि हाताला चव तर अजिबातच नव्हती. तिच्या हातची भाजी डोमाजीभाऊ डोळे मिटून खायचे. लोक म्हणायचे, भाऊ ध्यान करतात.

आता कुणाला वाटेल, बाळंतिणींच्या घरी उठबस करणारी ही बाई मोठी जाणकार असणार. तसं काही नव्हतं. तिची दोन्ही पोरं गावाकडे तिच्या सासूनं वाढवली. बाळाचं पोट दुखतंय, काय करू, असं कुणी विचारलं की फुलाबाई हात झटकायची. "मले का माहीत? नर्सबाईले इचार. मी फक्त बसाले आली हाय."

आणि ती खरोखरच बसायची. तेवढंच तिचं काम.

माजरीत त्या बसण्याला काय किंमत होती, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. खाणीच्या कॉलनीत कुणाचंच माहेर नसतं. चामोर्शीकडचे आम्ही धानवाले, मुलचेऱ्याकडचे बंगाली, कुणी सिरोंचाचे, कुणी पार बिहारचे. बाळंतिणीची आई किंवा सासू येते, बारसं उरकते आणि निघते, कारण तिकडे धान उभं असतं, सोयाबीन वाळत असतं. मग दोन खोल्यांच्या क्वार्टरात एक बाई आणि एक बाळ उरतं. नवरा खाणीत. फुलाबाई नेमकी त्या वेळेला उगवायची, आणि एकटी नाही, सोबत चार जणींना घेऊन.

तिचे नियम होते. बाळंतिणीकडे चहा मागायचा नाही. रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणजे भेट घेऊन असं नाही, तर आपलं काम घेऊन जायचं. तांदूळ निवडायचे असतील तर सूप घेऊन ये, पोराचा गणवेश उसवला असेल तर सुई-दोरा घेऊन ये. "आपल्या घरी करतं तेच तिच्या घरी कर," ती म्हणायची. "तिले वाटलं नाई पाहिजे का आपल्यासाठी बाया खोळंबल्या. बाळंतीन झोपली तं झोपू द्या, रडली तं रडू द्या, पन उठून जाऊ नका." आणि सकाळी नळावर तिची हाक ऐकू यायची, "आज कोनाची बारी हाय व?"

सिरोंचाकडची एक पोरगी, श्रीलता नावाची, आमच्या मागच्या लाईनीत बाळंत झाली. तिला मराठी येत नव्हतं. फुलाबाईला तेलुगूतला एक शब्द ठाऊक नव्हता. तरी फुलाबाई रोज जाऊन बसायची आणि कॉलनीतली सगळी भांडणं तिला सविस्तर सांगायची. कुणी कुणाच्या दारात पाणी सांडलं, कुणाच्या बकरीनं कुणाच्या मुनग्याचा पाला खाल्ला. श्रीलता बरोबर जागेवर हसायची. पुढे पुढे तीही सुरू झाली. एक तेलुगूत, एक झाडीबोलीत. एकदा तर दोघी चिंच फोडता फोडता कडाकडा भांडल्या. आवाज ऐकून शेजारणी धावत आल्या, तर दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. कशावरून भांडलात म्हणून विचारलं, तर फुलाबाई म्हणाली, "ते कोनाले माहीत? ते बी माह्यासारखीच भांडकुदळ हाय, येवढं समजलं."

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. एका घरी सासू अशी होती की बाळंतिणीपाशी कुणाला फिरकू द्यायची नाही. दृष्ट लागते, वारं लागतं, तिचं आपलं काहीतरी असायचंच. फुलाबाईनं सुनेकडे पाहिलंच नाही. सासूसमोर बसली. "माय, किती थकल्या व तुमी. तुमाले कोनी पाहते का?" सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी. त्यांना असं बहुधा वर्षानुवर्षं कुणी विचारलं नसावं. त्या दिवसापासून फुलाबाई रोज दुपारी त्यांना भाजीबाजार दाखवायला न्यायची आणि सून तेवढा वेळ गाढ झोपायची. बाजारात घ्यायचं काही नसायचं. दोघी प्रत्येक दुकानात वांग्यांचा भाव विचारून परत यायच्या. भाजीवाल्यांनी हात जोडले होते म्हणतात.

आता माझ्या घराकडे येतो. मी बोलण्यातला माणूस नाही आणि लिहिण्यातला तर नाहीच. पण फुलाबाईबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तर काय अर्थ आहे?

मी उघड्या खाणीच्या तळाशी पंपावर होतो. झिरपलेलं पाणी रात्रभर वर फेकायचं काम. लोक रात्रपाळी चुकवतात, मी कायमची मागून घेतली होती. पंपापाशी बोलायला कुणी नसतं, असलं तरी ऐकू येत नाही. मला ते मानवलं होतं. दिवसा घरी झोपायचं म्हणून आतल्या खोलीच्या खिडकीला मी वर्तमानपत्रं चिकटवून ठेवली होती.

आमची पोरगी झाली तेव्हा वंदनाची, माझ्या बायकोची, आई हयात नव्हती. माझी आई आली, बारसं झालं, आणि धान कापणीला आलं तशी ती चामोर्शीला परतली. मग सकाळी मी पाळीवरून यायचो, जेवायचो आणि झोपायचो. बाळंतिणीला उजेड नको, वारा नको, फार माणसं नकोत, असं आमच्याकडे म्हणतातच. माझ्या झोपेलाही नेमकं तेच हवं होतं. जुनी रीत मला इतकी सोयीची कधीच वाटली नव्हती. सूप घेतलेल्या बायका दाराशी आल्या तेव्हा मी लुंगीवरच दार उघडलं आणि म्हणालो, "मी रात्रपाळीचा मानूस आहे. इथी बाजार नको."

फुलाबाईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "बरं भाऊ," म्हणाली आणि गेली.

वंदना मुळात बोलकी. लग्न झाल्यावर पहिले सहा महिने मला वाटायचं, घरात रेडिओ आणला आहे. बाळंतपणानंतर ती हळूहळू गप्प झाली. जेवण अर्धवट सोडायची. केस विंचरायची नाही. मी आलो की ताट वाढायची, नजर भलतीकडेच. एक दुपार सांगतो. पोरगी रडत होती म्हणून माझी झोप चाळवली. मी डोळे उघडले. वंदना बाळाच्या अगदी शेजारी बसली होती, हात मांडीवर, नजर खिडकीवरच्या वर्तमानपत्रांवर. बाळ रडून रडून लाल झालेलं, आणि तिला ते ऐकू येत नसल्यासारखं. हे बरं नाही, हे मला कळलं. नाही कळलं असं म्हणणं खोटं होईल. मी उशी कानावर घेतली आणि कुशीवर वळलो.

त्याहून वाईट ते पुढे आहे. घर शांत झालं होतं आणि ती शांतता मला आवडत होती.

त्यानंतर दोन-चार दिवसांत मी सकाळी पाळीवरून आलो तर फुलाबाई आमच्या पायरीवर बसलेली. तिच्या काखेत माझी उशी आणि चादर.

"चला भाऊ."

"कुठी?"

"झोपाले."

"माझं घर हे आहे."

"हे आता बाळंतिनीचं घर हाय. तुमची खाट तिकडं टाकली. आमचे हे कामावर गेले, माह्या घरी दिवसभर चिडीचूप राहते. मीच नसते न तिथी."

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतीन, पंपवाला शेवटी हालला."

वंदना आतून पाहत होती. मी उशीमागे चालत गेलो. तिचं क्वार्टर आमच्याला लागूनच, मधे एका विटेची भिंत. भिंतीला लागून लोखंडी खाट, वर पंखा, समोर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. फुलाबाई जाता जाता म्हणाली, "माठात पानी हाय. भूक लागली तं मुरमुरे खाजा. भाजी नोका खाऊ, मी केली हाय."

अशी व्यवस्था लागली. दिवसा ती माझ्या घरी आणि मी तिच्या घरी. तिसऱ्या प्रहरी डोमाजीभाऊ कामावरून यायचे आणि मी झोपलेला दिसलो की दाराबाहेर स्टुलावर बसून राहायचे. स्वतःच्याच घराबाहेर. मी ओशाळून उठायचो तर म्हणायचे, "झोपा झोपा. मले तरी कोन्ता घाईचा धंदा हाय? आत गेलो तं जेवाच लागन."

पण मला झोप लागेना. पलीकडून सगळं ऐकू यायचं. सुपातल्या तांदळाचा आवाज, बांगड्या, बिहारच्या मुन्नीदीदीचं खो-खो हसणं, फुलाबाईचा बकऱ्यांना घाबरवणारा आवाज. वंदनाचा मात्र नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि त्या कलकलाटात तिचा एखादा शब्द सापडतो का ते शोधायचो. ज्या घरात मी आवाज होऊ दिला नाही, त्या घरातल्या एका आवाजासाठी शेजारच्या घरात जागा होतो. रात्री पंपावर डुलक्या यायला लागल्या. फोरमन म्हणाला, "काऊन रे, घरी झोपत नाई का?" मी म्हटलं, नाही. तेही खरंच होतं.

दरम्यान फुलाबाईनं नर्सबाईंना बोलावून आणलं. त्यांनी चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. फुलाबाईनं मला दारातच गाठलं. "डोक्शाच्या डॉक्टरकडं नेऊन राह्यली मी तिले. तुमी येता का, का झोपता?" मी गेलो. जीपमध्ये पुढे बसलो. डॉक्टरीणबाई वंदनाशी बराच वेळ बोलल्या, गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. नुसतं बसून-बोलून सगळं बरं होतं असं फुलाबाई कधीच म्हणाली नाही. परतताना तिनंच मला समजावलं, "डोक्शालेबी ताप येते भाऊ. तापाले गोळी लागते. अन् गोळी घेतली का नाई ते पाहाले मानूस लागते."

आणि मग एक दिवस भिंतीपलीकडे नवऱ्यांचा विषय निघाला. जेवायला काय हवं ते कोण कसं मागतं, यावरून. कुणाचा ओरडतो, कुणाचा ताट सरकवतो. मधेच एक बारीक, बसका आवाज आला. कितीतरी दिवसांत न वापरलेला.

"आमच्याकडं इशारा असते. मीठ पाहिजे तं बोट दाखवते. भाजी पाहिजे तं वाटी पुढं. लग्नात भटजीनं इचारलं, तयार हाय का, तं मान हालवली. मले वाटलं, बापानं मुका पाहून देल्ला."

अशी हसण्याची लाट आली की माझ्या समोरचे फोटो हलले असते. त्यावर फुलाबाईचा आवाज, "हळू हसा व मायहो. मुका तिकडं झोपून हाय."

त्यावर अजून हशा. त्यात वंदनाचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. मी चादर डोक्यावर घेतली. राग आला का? आला, थोडा. पण मग उठलो, माठातलं पाणी प्यायलो आणि पुन्हा भिंतीला कान लावून पडलो.

ती एका दिवसात बरी झाली नाही. मधे पुन्हा गप्प व्हायची, पुन्हा गोळ्या चुकवायची, फुलाबाई पुन्हा जाऊन बसायची. उन्हाळा लागला तेव्हा वंदना स्वतः सूप घेऊन दुसरीकडे जायला लागली होती, काखेत पोरगी. मी पाळी बदलून घेतली. पहिली पाळी आणि दुसरी पाळी, सगळ्यांसारखी. खिडकीवरची वर्तमानपत्रं मी ओलं फडकं लावून काढली. ती निघता निघत नव्हती.

हे सगळं झालं, पण मी काहीच बोललो नाही. फुलाबाईचे आभार मानले नाहीत, आणि वंदनाला तर त्या दुपारी कानावर उशी घेतल्याची गोष्ट कधीच सांगितली नाही. ती मला चांगला माणूस समजते, बोलत नाही एवढंच, असं मी धरून चाललो. पोरगी शाळेत जायला लागली, सहावीत गेली. कॉलनीत सगळ्यांच्या हाती मोबाईल आले. बारी कुणाची ते आता ग्रुपवर ठरतं आणि तो ग्रुप वंदना चालवते. फुलाबाईला ते पटायचं नाही. "येका जनीनं अंगठा दाखवला, दुसरीनं फूल धाडलं. आरे, बाळंतिनीच्या घरी कोन गेलं?"

मागच्या वर्षी डोमाजीभाऊ रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. सामान टेम्पोत भरायला मी आणि आणखी दोघे होतो. सामान थोडंच होतं. भरून झालं, दोऱ्या आवळल्या, ड्रायव्हर पान खायला गेला. वंदनानं चहा आणला. रिकाम्या क्वार्टरच्या पायरीवर फुलाबाई, वंदना आणि मी.

फुलाबाई म्हणाली, "इतक्या वर्षांत या भाऊच्या तोंडातून दहा गोष्टी नाई आयकल्या मी. आता तं जाऊन राह्यली. येक तरी सांगा."

ती थट्टाच करत होती. आणि मी सांगितलं. पोरगी रडत होती ती दुपार. वंदना खिडकीकडे बघत बसली होती ते. मी पाहिलं, आणि उशी कानावर घेतली ते. ती गप्प झाली होती तेव्हा मला घर बरं वाटत होतं, हेही. वाक्यं धड जुळत नव्हती, तरी थांबलो नाही. सांगून झाल्यावर चहाच्या कपात पाहत राहिलो.

वंदनानं आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय?"

"तुमाले आवडते ते. मंग आनखी गप राहू लागली मी. मले वाटलं, येवढं तरी आपल्याले जमून राह्यलं."

मी फुलाबाईकडे पाहिलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. तिनं पदरानं तोंड पुसलं, कप खाली ठेवला आणि वंदनाचा हात धरून माझ्याकडे पाठ करून बसली. "तू काय म्हनते?" तिनं वंदनाला विचारलं.

"काई नाई व माय," वंदना म्हणाली. "इतक्या वर्षांनी बोलला, तं पूर्न बोलला."

फुलाबाई हसली. आधी हळू, मग नेहमीसारखी. वंदनाही. ड्रायव्हर पान चघळत आला आणि या बायांना काय झालं म्हणून माझ्याकडे पाहायला लागला.

टेम्पो निघाला. डोमाजीभाऊ पुढे ड्रायव्हरपाशी, फुलाबाई मागे गाद्यांच्या ढिगावर ऐसपैस. कॉलनीतल्या बायका लांबपर्यंत चालत गेल्या, मग एकेक परतली. आम्ही दोघं वळणाशी थांबून पाहत होतो. शेवटच्या लाईनीपाशी टेम्पो अचानक थांबला. फुलाबाई गाद्यांवरून उतरताना दिसली, साडी सावरत, ड्रायव्हरला काहीतरी सुनावत. तिथे एका क्रेनवाल्याच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. ती आत गेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला, मग इंजिन बंद केलं. डोमाजीभाऊ शांतपणे उतरले आणि सावली बघून कठड्यावर बसले. त्यांना सवय होती.

"आता काई लवकर येत नाई ते," वंदना म्हणाली. "चला."

आम्ही घराकडे निघालो. ती पुढे, मी मागे, आमची चालायची रीत. थोडं चालल्यावर मी तिच्या बरोबरीला आलो आणि विचारलं, "त्या दिवसांत तुले काय वाटत होतं? दिवसभर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी चेष्टा करतोय का ते बघायला. मग सांगायला लागली. सुरुवातीला थांबत थांबत, मग सलग. क्वार्टर आलं. माझ्या हातात किल्ली होती. तिचं सांगून संपलं नव्हतं म्हणून मी कुलूप काढलं नाही, तसाच दारात उभा राहून ऐकत होतो.